सीटखालची पाटी

मोटारीच्या विजेचं काम करणाऱ्याला गिऱ्हाईक जे सांगतं ते सहसा खोटं असतं. मुद्दाम खोटं नव्हे. पण "काहीच केलं नव्हतं, आपोआप बंद पडली" म्हणणाऱ्याने आदल्याच दिवशी कुठूनतरी स्वस्तातला हॉर्न आणून स्वतःच्या हाताने बसवलेला असतो. मुरोई इसामुला याचा चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तोयो वहिनींनी आपली पांढरी सेडान त्याच्या शेडमध्ये आणून लावली आणि "बॅटरी तीन दिवसांत उतरते, मी कशालाही हात लावलेला नाही," असं सांगितलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली.

गाडी एक्केचाळीस वर्षांची होती. आरसे अजून बॉनेटवर. वहिनी ब्याऐंशीच्या. गाडीपेक्षा त्याच जास्त टणक दिसत होत्या. त्यांनी स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसून पिशवीतून चार संत्री काढली, किटलीच्या शेजारी ओळीने मांडली आणि म्हणाल्या, "शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी आहे. त्यात नापास झाली, नाहीतर बॅटरी पुन्हा उतरली, तर नोरिहिको येणार आहे सेंदाईहून. गाडी भंगारात आणि मी त्याच्या नवव्या मजल्यावरच्या घरात."

"मुलगा काळजीने म्हणतो, वहिनी."

"काळजीनेच म्हणतो. म्हणून तर नाही म्हणता येत नाही." त्यांनी एक संत्रं सोलायला घेतलं. "बस बंद होऊन सहा वर्षं झाली. गाडी गेली तर दवाखान्यात जाऊ कशी? आणि बोलू कुणाशी?"

हे शेवटचं वाक्य मुरोईने कानाआड केलं. एकटी माणसं गाडीत बोलतात. तो स्वतःही बोलायचा. बायको मिसाए गेल्याला चार वर्षं झाली होती आणि त्याला नावाने हाक मारणारं बंदरात कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाइकं "अहो दुकानवाले" म्हणत, पोस्टमन तर काहीच म्हणत नसे. मिसाएची ती खुर्ची अजून स्टोव्हजवळच होती, आणि तिच्यात आता वहिनी बसल्या होत्या.

त्याने त्यांना आपल्या छोट्या व्हॅनमधून घरी सोडलं आणि परत येऊन कामाला लागला.

जुन्या गाडीत अनोळखी तारा सापडतात त्याचं नवल नसतं. कारखान्यातूनच काही कनेक्टर रिकामे लटकत येतात, गिऱ्हाइकाने न घेतलेल्या सोयींचे. त्यावर आधीच्या मालकांची भर पडते: धुक्याचे दिवे, रिव्हर्सचा बझर, कुण्या काळचा कॅसेट प्लेयर. मुरोईची रीत ठरलेली होती. एकेक तार टोकापर्यंत शोधायची, तिला कागदी चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर पेन्सिलने नाव लिहायचं, मग बोट रोखून मोठ्याने म्हणायचं, "रेडिओ, ठीक." "मागची काच, ठीक." शेडमध्ये ऐकायला कुणी नसलं तरी म्हणायचं. बोट आणि तोंड एकत्र चाललं की चूक होत नाही, हे त्याला जिने शिकवलं ती नोकरी त्याने तरुणपणीच सोडली होती. सवय मात्र सुटली नव्हती.

सोमवारी संध्याकाळपर्यंत एकवीस चिठ्ठ्या बांधून झाल्या. या गाडीतली जास्तीची वायरिंग कुणी केली ते सांगायची गरजच नव्हती. प्रत्येक जोड डाग देऊन पक्का केलेला, तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने बोटबोट अंतरावर गाठी मारून बांधलेल्या. असं बांधकाम विजेच्या खांबावरची माणसं करतात. वहिनींचे यजमान, कुरामोची, बंदराच्या लाइनवर मुकादम होते. आणि मुरोईने दोन हिवाळे त्यांच्याच हाताखाली काढले होते.

मंगळवारी सकाळी त्याने सगळे फ्यूज काढले. तरीही बॅटरीतून वीज जात होती, पॉइंट चार अँपिअर. म्हणजे कुणीतरी फ्यूजच्या अलीकडूनच तार घेतली होती. मुकादमांसारख्या माणसाने असं करावं याचं त्याला आश्चर्य वाटलं. तार हिरवी होती, तिच्यावर पांढरी रेघ. ती दाराच्या खालून मागे गेली होती, गालिच्याखाली शिरून डावीकडच्या, म्हणजे बाजूला बसणाऱ्याच्या सीटखाली निघाली होती. मुरोईने सीटचे चार बोल्ट काढले, सीट उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि टॉर्च मारला.

तिथे कनेक्टर होता. उघडा. दोन अर्धे एकमेकांपासून वीतभर दूर. बॅटरीकडून आलेल्या अर्ध्याला लाकडाची एक छोटी पाटी दोऱ्याने बांधलेली होती, काडेपेटीएवढी. पाटीवर शाईने लिहिलं होतं:

काम चालू. कुरामोची.

मुरोई टाचांवर बसला.

लाइनवरच्या कामाचा एक नियम होता. खांबावर चढण्याआधी खालच्या स्विचला आपल्या नावाची पाटी लटकवायची. पाटी आहे तोवर माणूस वर आहे. ज्याने लावली त्यानेच ती काढायची. तो दिसत नसेल आणि दुसऱ्याला काढायचीच असेल, तर आधी त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. "आहे" अशी ओ आली तर पाटीला हात लावायचा नाही. आणि बदली असेल तर नव्या माणसाने आधी आपली पाटी लावायची, मग जुन्याने स्वतःच्या हाताने आपली काढायची. मध्ये एक क्षणही स्विच पाटीविना राहायला नको.

मुरोई तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जानेवारीतलं हिमवादळ, सगळं बंदर अंधारात, मुकादम खांबावर आणि तो खाली स्विचपाशी. फोनवरून साहेब ओरडत होता, वीज सोड. मुरोईने दोन हाका मारल्या. वाऱ्यात उत्तर आलं नाही. बोटं गारठून लाकूड झाली होती, तिसरी हाक त्याने मारली नाही. पाटी काढली आणि स्विच वर केला.

मुकादमांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत त्यांनी सांगितलं, चूक माझीच, मीच पाटी लावायला विसरलो. दवाखान्यात भेटायला गेलेल्या मुरोईला ते एवढंच म्हणाले, "तिसरी हाक मला ऐकू आली असती रे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मुरोईला जन्मभर पुरलं. वसंतात त्याने नोकरी सोडली आणि गाड्यांचं काम धरलं. बारा व्होल्टने माणूस मरत नाही.

आता ही पाटी. आठ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मुकादम घराच्या पडवीत गाडीचं काहीतरी काम करायला गेले, जेवायला आले नाहीत. वहिनींना ते गाडीतच सापडले, डावीकडच्या जागेवर, मांडीवर पक्कड. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. काम अर्धवट राहिलं असणार, पाटी तशीच राहिली असणार. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

न समजण्यासारखं होतं ते वेगळंच. कनेक्टर उघडा होता. पुढे वीज जायला वाटच नव्हती. तरी तारेभोवती चिमटा लावल्यावर मीटर पॉइंट चार दाखवत होता.

मीटर बिघडला असेल म्हणून त्याने दुसरा आणला. दुसराही तेच म्हणाला. चहा करून घ्यावा म्हणून तो उठला तेव्हा दहा वाजले होते. कप घेऊन परत आला तर मीटरवर शून्य. त्याने तार हलवून पाहिली, चिमटा पुसून पाहिला. सव्वादहाला आकडा पुन्हा पॉइंट चारवर गेला.

मग तो वहीत लिहू लागला. बारा ते एक, शून्य. तीन ते सव्वातीन, शून्य. पाच वाजता बंदराच्या भोंग्यावर संध्याकाळची धून वाजली आणि आकडा पडला तो पडलाच. बुधवारी सकाळी मुरोई पावणेआठलाच मीटरसमोर खुर्ची टाकून बसला. बरोबर आठला वीज सुरू झाली.

खांबावरची माणसं आठला चढतात. दहाला चहा, बाराला जेवण, तीनला पुन्हा चहा.

"टायमर आहे कुठेतरी," मुरोई मोठ्याने म्हणाला. बुधवारची सगळी सकाळ त्याने टायमर शोधण्यात घालवली. डॅशबोर्ड उतरवला, छताचं कापड सोडवलं, डिकी रिकामी केली. टायमर नव्हता. सदतीस चिठ्ठ्या झाल्या, छत्तीसांवर नावं. सदतिसाव्या, हिरव्या तारेच्या चिठ्ठीवर त्याने 'अज्ञात' लिहिलं आणि बोट रोखलं, पण "ठीक" काही तोंडातून निघालं नाही.

उघड्या कनेक्टरचा दुसरा अर्धा राहिला होता. त्याच्यामागची तार जमिनीच्या पत्र्यात कुठेतरी शिरत होती. ती कुठे जाते ते शोधायला त्याच्याकडे एक जुनं यंत्र होतं: तारेच्या टोकाला लावलं की तारेत बारीक सूर सोडतं, आणि हातातली कांडी तारेजवळ नेली की गुणगुणू लागते. त्याने सूर सोडला आणि कांडी पत्र्यावरून फिरवत नेली. वीतभर गुणगुण आली. मग थांबली. पुढे नाही, मागे नाही, गाडीच्या खालीही नाही. तार तिथेच संपत असावी. त्याने वैतागून कांडी वर उचलली.

कांडी गुणगुणली.

ती हवेत होती. सीट केव्हाच भिंतीला टेकवलेली होती. तिच्या जागी चार बोल्टांची भोकं आणि रिकामी जागा. मुरोईने कांडी हळूहळू वर नेली. सूर वाढत गेला. बसलेल्या माणसाची छाती जिथे आली असती तिथे तो सगळ्यात मोठा झाला. डावीकडे हातभर सरकवली, सूर गेला. उजवीकडे सरकवली, गेला. मध्ये आणली की पुन्हा आला.

त्याने यंत्र बंद करून डब्यात ठेवलं आणि डब्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं. बाहेर समुद्रावर गडगडत होतं, बर्फ पडण्याआधी गडगडतं तसं. घड्याळात साडेतीन. मीटरवर पॉइंट चार.

तपासणी परवावर आली होती. पाटी काढून कनेक्टर जोडला, किंवा तार बॅटरीपाशीच कापली, की काम दोन मिनिटांचं. दुसऱ्या कुणाच्या हातची पाटी असती तर त्याने तेच केलं असतं.

तो गाडीच्या दाराशी उभा राहिला. लाज वाटत होती. सदुसष्ट वर्षांचा माणूस, रिकाम्या शेडमध्ये.

"कुरामोचीसान!"

स्टोव्हवर किटली उकळत होती.

"कुरामोचीसान!"

पत्र्यावर वारा. बाकी काही नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीही इथवर असंच झालं होतं. मुरोईने ओठ ओले केले आणि तिसरी हाक मारली, या खेपेला अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसाला मारतात तशी.

"कुरामोचीसान."

"आहे."

ओरडून नव्हे. कामात असलेल्या माणसाचा, जरासा वैतागलेला, ओळखीचा आवाज. रेडिओ बाकावर सुटा पडला होता आणि स्पीकरच्या तारांना चिठ्ठ्या लावून मुरोईने त्या स्वतःच बाजूला बांधल्या होत्या.

तो शेडच्या बाहेर येऊन उभा राहिला. बर्फ पडू लागलं होतं. पाचची धून वाजेपर्यंत तो आत गेला नाही.

गुरुवारी त्याने डॅशबोर्ड चढवला, सीट जागेवर बसवली, आणि दुपारी वहिनींना घेऊन आला. वाटेत सगळं सांगितलं. वही, बारा ते एक, कांडी, ओ. सांगताना त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. वहिनी हसतील, किंवा मुलाला फोन करून दुकानवाल्याचं डोकं फिरलंय म्हणतील, असं त्याला वाटत होतं.

वहिनी म्हणाल्या, "पट्टा लावत नाहीत. दर वळणावर सांगते, पट्टा लावा. ऐकतील तर शपथ."

मुरोईने व्हॅन हळू केली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"आवाज कधी आला नाही. पण रिकामी गाडी आणि भरलेली गाडी कळते की नाही? भरलेली असली की वळणावर जरा बसते." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "मला आपलं बरं वाटायचं. आहेत सोबतीला, एवढंच. ते काम करतायत हे मला कुठे माहीत! आठ वर्षं, मुरोई. पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा माणूस. कुणी खाली या म्हणालं नाही त्यांना."

"वहिनी, एक सांगायचंय. त्यांची बोटं—"

"माहीत आहे. झोपेत बोलायचे." त्या खिडकीतून बर्फाकडे बघत होत्या. "तुझं नाव घेऊन म्हणायचे, हाक मार, अजून एक मार. त्यांना सोडवता येईल का तुला?"

"बदली दिली तर येईल."

"कोणाची?"

मुरोईने व्हॅन शेडकडे वळवली. शेडपाशी उतरताना त्यांनी त्याच्या दंडाला धरलं, बर्फावरून घसरू नये म्हणून, आणि मग दारात पोचल्यावरही तो हात थोडा वेळ तसाच ठेवला.

पाटी त्याने सकाळीच करून ठेवली होती. फळकुटाचा तुकडा, एका टोकाला भोक, मेणाचा दोरा. त्यावर लिहिताना त्याला जाणवलं की आपलं नाव आपण कितीतरी दिवसांत पावतीखेरीज कुठे लिहिलेलं नाही.

काम चालू. मुरोई.

पाचला दहा मिनिटं होती. वहिनी आपल्या जागी, स्टीअरिंगपाशी बसल्या. मुरोई डावीकडचं दार उघडून खाली गुडघ्यांवर बसला, सीटखाली हात घातला आणि जुन्या पाटीच्या शेजारी आपली पाटी बांधली. दोन गाठी मारल्या. बोट रोखलं.

"मुरोई, आत."

काही झालं नाही. मीटरवर पॉइंट चार.

मग सीटखाली दोरा घासल्याचा आवाज आला.

कुणीतरी गाठ सोडत होतं. जमत नव्हतं. एका हाताला पकड पुरत नसावी. दोरा ओढला जाई, निसटे, पुन्हा ओढला जाई. मुरोईचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते. मदत करावी असं त्याला फार वाटलं. पण ज्याची पाटी त्याने काढायची.

लाकूड पत्र्यावर पडलं. टक्.

"कुरामोची, बाहेर." तोच जरासा वैतागलेला, ओळखीचा आवाज.

वहिनी म्हणाल्या, "दमलात ना हो," आणि तोंडाला पदरासारखा हातरुमाल लावला.

सीट करकरली, कुणी उठल्यावर करकरते तशी. मुरोई दारात बसला होता. त्याने अंग चोरून वाट दिली. भोंग्यावर पाचची धून सुरू झाली. मीटरवर शून्य होतं.

शुक्रवारी गाडी तपासणीत पास झाली. किल्ली देताना मुरोईने वहिनींना सांगितलं, "सीटखालची माझी पाटी तशीच राहू द्या. कधी काढायची वेळ आली, तर आधी मला तीन हाका मारा."

"आणि तू ओ दिलीस तर?"

"तर काढू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि तपासनीसाने काढली असती तर?"

"तो सीटखाली बघत नाही," मुरोई म्हणाला. खरं तर ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्यांचा फोन आला. "अरे, काल हे आले. स्वप्नातच, पण आले. दारात चपला काढल्या, हात धुतले, आणि जेवायला बसले. आठ वर्षांत एकदाही नव्हते आले." मग म्हणाल्या, "गाडी मात्र रिकामी नाही वाटत. कुणीतरी आहे बाजूला. हे नव्हेत. हे माझी बडबड ऐकून घ्यायचे नाहीत. हा ऐकतो. पट्टाही लावतो."

मुरोई हसला. फोन ठेवल्यावर स्टोव्हची वात मोठी केली. शुक्रवारपासून त्याला थंडी वाजत होती, कितीही कपडे घातले तरी आतून. फक्त सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, तासभर, एकदम उबदार वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की वहिनी दवाखान्यात जातात ते सोमवारी आणि गुरुवारी.

मग ऐकू येऊ लागलं. शेडमध्ये एकटा बसलेला असताना कानाशी इंडिकेटरची टिकटिक. वायपरचा फटका. सोललेल्या संत्र्याचा वास. आणि वहिनींचा आवाज, अगदी उजव्या हाताला: माशांचा भाव, सुनेचे फोन, नवव्या मजल्यावर म्हणे खिडकी उघडतच नाही. "मुरोई, थंडी वाजतेय का रे? हीटर वाढवू?" तो कामातून मान वर न करता म्हणायचा, "असू द्या, वहिनी." खोटं कशाला सांगा, त्या हिवाळ्यात तो सुखी होता. कितीतरी वर्षांनी आठवड्यातून दोनदा कुणीतरी त्याला नावाने हाक मारत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका गुरुवारी ऊब आली नाही. सोमवारीही नाही. त्याने वहिनींच्या घरी फोन केला, तो वाजत राहिला. शेवटी मासळीवाल्याकडून कळलं: बर्फावर पाय घसरला, कंबरेचं हाड मोडलं, मुलगा येऊन सेंदाईला घेऊन गेला. मुरोईने तिथला नंबर मिळवला.

"वहिनी बोलू शकतात का?" त्याने विचारलं.

"औषधांवर आहे. माणसं ओळखत नाही सध्या," नोरिहिको म्हणाला. दमलेला, सभ्य आवाज. "गाडीचं ना? देतोय काढून. तुम्ही एवढी वर्षं सांभाळलीत, आभारी आहे."

"एक विनंती होती. डाव्या सीटखाली एक पाटी आहे. ती काढण्याआधी माझ्या नावाने तीन हाका मारायला सांगाल का? मुरोई म्हणून. ओ आली तर काढू नये."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मुरोईसान," नोरिहिको मग फार मऊपणाने म्हणाला, "तुम्ही एकटेच राहता का?"

"हो."

"सांगतो मी भंगारवाल्यांना. नक्की सांगतो."

मुरोईने स्वतः जाऊन पाहिलं. वहिनींच्या पडवीत गाडी नव्हती. बर्फावर ओढून नेल्याचे दोन पट्टे होते आणि कोपऱ्यात संत्र्यांचं रिकामं खोकं. आसपासच्या तीन भंगारवाल्यांकडे तो गेला. कुणी म्हणालं आली नाही, कुणी म्हणालं येईल, कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

मार्चच्या मध्यावर बर्फ वितळू लागलं. तीन वाजले म्हणून मुरोईने चहा ओतला आणि खुर्चीत बसला. कप ओठाला लावला आणि एकाएकी अंगातली उरलीसुरली ऊबही गेली.

साखळीचा आवाज आला. मग गाडीचं दार उघडल्याचा. ती बिजागरी त्याने स्वतःच तेल घालून ठेवली होती.

"आत काही सामान राहिलंय का बघ." अनोळखी आवाज, अगदी जवळ.

"काही नाही. संत्र्याची सालं आहेत." सीट मागे सरकली. "अरे, इथे खाली काहीतरी लटकतंय. कुणाचंतरी नाव आहे."

मुरोई उठून उभा राहिला.

"असेल काहीतरी. ओढून काढ."

त्याने कप खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. ओ तयार होती. एकदा कुणी नाव घ्यायचाच अवकाश होता.

स्टोव्हवर किटली उकळत होती. दोरा ताणल्याचा आवाज आला.

कुणी हाक मारली नाही.